‘नुसता चीजबर्गर’, ‘नुसते टॅटू’ : निलंबित प्रशिक्षक आणि त्याचे चाहते

10 नोव्हेंबर 2023 रोजी, शुक्रवारी दुपारी, अमेरिकेतील ‘बिग टेन’ या महाविद्यालयीन क्रीडा-परिषदेने मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना, प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा नियमबाह्य मार्गाने टिपल्याच्या प्रकरणावरून, नियमित हंगामातील उरलेल्या तिन्ही सामन्यांच्या दिवशी मैदानावर येण्यास मनाई केली. संघ तोवर एकही सामना हरलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी पेन स्टेटसारख्या तगड्या प्रतिस्पर्ध्याशी त्याच्याच मैदानावर गाठ होती आणि माजी सैनिक दिनाच्या सुट्टीमुळे त्या शुक्रवारी न्यायालये बंद होती. काही तासांतच मिशिगनच्या खेळाडूंनी समाजमाध्यमांवर ‘बेट’ (लागली पैज) एवढा एकच शब्द लिहून आव्हान स्वीकारल्याचे जाहीर केले आणि लाखो चाहते त्यांच्या मागे उभे राहिले. मी मिशिगनच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्या आठवड्यातला चाहत्यांचा संताप मला परका नव्हता आणि त्यातला काही भाग आजही मला न्याय्य वाटतो. मात्र त्या संतापात जी एक गोष्ट आम्ही सर्वांनी मिळून दृष्टीआड केली, तिच्याविषयी लिहावे असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा विद्यार्थ्यांचा फावल्या वेळेतला खेळ राहिलेला नाही. अॅन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमची अधिकृत आसनक्षमता 1,07,601 आहे आणि शरद ऋतूतील शनिवारी ते भरलेले असते. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन किंवा व्यावसायिक संघात निवड होऊन निघून जातात, प्रशिक्षक मात्र राहतो, आणि म्हणून चाहत्यांच्या मनात संघाचा चेहरा म्हणजे प्रशिक्षकाचा चेहरा असे समीकरण बनते. हार्बॉ यांच्या बाबतीत तर हे नाते दुहेरी होते. ऐंशीच्या दशकात ते याच विद्यापीठाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारे प्रमुख खेळाडू, होते, आणि 1986 साली परंपरागत प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याआधी विजयाची जाहीर हमी देऊन त्यांनी ती खरी करून दाखवली होती. घरचा माणूस घरी परतला, अशा भावनेने 2014 च्या डिसेंबरअखेरीस त्यांचे स्वागत झाले होते.

हे प्रेम कायम एकसारखे राहिले, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्या पाच प्रयत्नांत हार्बॉ एकदाही ओहायो स्टेटला हरवू शकले नाहीत. 2020 च्या महामारीग्रस्त हंगामात संघाने दोन सामने जिंकले, चार गमावले, आणि पुढच्या करारात त्यांचा पगार जवळपास निम्म्यावर आणला गेला. त्या हिवाळ्यात त्यांना हाकलून द्या, असे म्हणणाऱ्या चाहत्यांची संख्या कमी नव्हती. मग 2021 मध्ये संघाने ओहायो स्टेटला 42-27 असे नमवले, पुढच्या वर्षी 45-23 असे, तेही त्यांच्या घरी, आणि चित्र पालटले. तीन वर्षांपूर्वी ज्यांना ते नकोसे झाले होते, त्यांपैकी अनेकांनी 2023 मध्ये ‘फ्री हार्बॉ’ (हार्बॉंना मोकळे करा) असे छापलेले टी-शर्ट घातले. चाहत्यांची निष्ठा खोटी असते, असे मला म्हणायचे नाही. पण निलंबनानंतर आपण जी निष्ठा पाहिली ती जिंकणाऱ्या प्रशिक्षकावरची होती, आणि हाच नियमभंग 2020 च्या हिवाळ्यात उघडकीस आला असता तर त्याच चाहत्यांनी नियमपुस्तिका हातात घेऊन त्यांना दाराबाहेर काढले असते, याविषयी मला शंका वाटत नाही.

त्या वर्षी हार्बॉ यांच्यावर एकदा नव्हे, दोनदा निलंबनाची वेळ आली, आणि चाहत्यांच्या मनाची खरी जडणघडण पहिल्या प्रकरणात दिसते. कोविडच्या काळात एनसीएएने, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने, प्रशिक्षकांनी होतकरू खेळाडूंना प्रत्यक्ष भेटण्यावर बंदी घातली होती. त्या काळात काही खेळाडूंशी नियमबाह्य भेटीगाठी झाल्या, असा आरोप होता, आणि त्यातला एक तपशील असा होता की अॅन आर्बरमधील एका उपाहारगृहात त्यांना खाऊ घातले गेले. हा तपशील बाहेर आला आणि संपूर्ण प्रकरणाचे नावच ‘चीजबर्गर’ पडले. एका चीजबर्गरसाठी एवढी शिक्षा, हा प्रश्न चाहत्यांच्या तोंडी इतका बसला की ऑगस्ट 2023 मध्ये एनसीएएच्या एका उपाध्यक्षाला, चौकशी चालू असताना न बोलण्याचा प्रघात मोडून, हे प्रकरण बंदीच्या काळातील नियमबाह्य भरतीचे आणि नियमबाह्य प्रशिक्षणाचे आहे, चीजबर्गरचे नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. त्याचा परिणाम शून्य झाला. विद्यापीठाने स्वतःहून तीन सामन्यांचे निलंबन लावले. पहिल्या सामन्याला क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी ‘फ्री हार्बॉ’ असा टी-शर्ट घालून आला आणि पहिल्याच चालीआधी खेळाडूंनी एका रांगेत उभे राहून चार बोटे उंचावली, कारण खेळाडू असताना हार्बॉ चार क्रमांकाची जर्सी घालत असत. प्रेक्षागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या टाळ्यांमध्ये जे हरवले ते असे. एनसीएएच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब भेटीगाठी नव्हती, त्यांविषयी विचारले असता प्रशिक्षकाने चौकशी करणाऱ्यांना दिलेली उत्तरे ही होती. ऑगस्ट 2024 मध्ये निकाल लागला तेव्हा हार्बॉ यांनी खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली आणि चौकशीला सहकार्य केले नाही, असा ठपका ठेवण्यात आला. चीजबर्गर विकत घेणे ही चूक आहे की नाही यावर दोन मते असू शकतात, आणि बंदीच्या काळातला तो नियम फार कठोर होता असे म्हणणाराही मला पटू शकतो. पण एका सार्वजनिक विद्यापीठाच्या प्रमुख प्रशिक्षकाने चौकशीत खरे सांगावे की नाही, यावर दोन मते कशी असतील? चाहत्यांनी त्या प्रश्नाला हातच घातला नाही, कारण बर्गरवर बोलणे सोपे होते.

ही युक्ती मिशिगनच्या चाहत्यांनी शोधून काढलेली नाही. बारा वर्षे आधी, शेजारच्या राज्यात, आमच्या परंपरागत प्रतिस्पर्ध्यांनी ती तशीच्या तशी वापरली होती. 2010 च्या डिसेंबरात उघड झाले की ओहायो स्टेटच्या काही खेळाडूंनी आपली पदके, जर्सी आणि स्मृतिचिन्हे विकून त्याबदली पैसे किंवा टॅटू करून घेतले होते. पाच खेळाडूंना पुढच्या हंगामातील पाच सामन्यांची बंदी झाली. प्रशिक्षक जिम ट्रेसल हे शांत, सुसंस्कृत, स्वेटर-टायमध्ये वावरणारे गृहस्थ म्हणून ओळखले जात, आणि मिशिगनला सातत्याने हरवणारे म्हणून पूजले जात. मार्च 2011 मध्ये कळले की त्यांना हे सर्व एप्रिल 2010 पासून इमेलद्वारे माहीत होते, तरीही त्यांनी विद्यापीठाला सांगितले नाही, आणि सप्टेंबरमध्ये, आपल्याला कोणत्याही नियमभंगाची माहिती नाही अशा अर्थाच्या कागदावर सही केली. विद्यापीठाने आधी फक्त दोन सामन्यांचे निलंबन आणि अडीच लाख डॉलरांचा दंड सुनावला. प्रशिक्षकाला काढण्याचा विचार झाला का, असे पत्रकार परिषदेत विचारले तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष गॉर्डन गी म्हणाले की प्रशिक्षकांनी मलाच काढून टाकू नये एवढीच माझी आशा आहे. ते विनोदाने बोलले असतील, पण त्या विद्यापीठात सत्ता कोणाकडे आहे हे त्या एका वाक्यात सर्वांना कळले.

त्या वेळी ओहायोत घराघरांतून ऐकू येणारा शब्द होता ‘टॅटू’. पोरांनी टॅटू काढून घेतले, यात कोणाचे काय बिघडले, असा सूर होता. आणि त्या वेळी मिशिगनचे चाहते, म्हणजे आम्ही, अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत होतो की प्रश्न टॅटूचा नाही, प्रश्न प्रशिक्षकाने सत्य दडवल्याचा आहे. आमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. 2023 मध्ये ओहायोचे चाहते तेच वाक्य, तितक्याच गांभीर्याने, आम्हाला ऐकवू लागले, आणि त्यांचेही शंभर टक्के बरोबर होते. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण इथे लागू पडते खरी, पण पक्षपाताच्या पलीकडेही या दोन प्रसंगांत एक समान रचना आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. दोन्ही वेळा चाहत्यांनी नियमभंग झालाच नाही असे म्हटले नाही. त्यांनी त्या प्रकरणातील सर्वांत लहान, सर्वांत निरुपद्रवी वस्तू उचलली, तिचे नाव संपूर्ण प्रकरणाला दिले आणि मग शिक्षा त्या वस्तूशी तोलून दाखवली. बर्गरशी किंवा टॅटूशी तोलली तर कोणतीही शिक्षा अवाजवीच दिसणार.

नोव्हेंबरमधले दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. तिथे चाहत्यांच्या बाजूलाही वजन होते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते.

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये 2023 पर्यंत खेळाडूंच्या शिरस्त्राणात रेडिओ नव्हता. व्यावसायिक लीगमध्ये तो 1994 पासून आहे. त्यामुळे प्रत्येक चालीआधी मैदानाच्या कडेला उभे राहून साहाय्यक हातवारे करत, चित्रांचे फलक दाखवत, त्यांपैकी काही खुणा खऱ्या असत आणि काही मुद्दाम फसव्या. समोरच्या संघाच्या खुणा सामना चालू असताना पाहून ओळखणे, किंवा दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणातून ओळखणे, हे नियमबाह्य नाही. सगळेच संघ ते करत आले आहेत. नियमबाह्य आहे ते पुढे आपल्याशी खेळणार असलेल्या संघाच्या सामन्याला स्वतः किंवा माणसे पाठवून हजर राहणे आणि त्याच्या खुणांचे चित्रीकरण करणे. प्रत्यक्ष पाळतीवरची ही बंदी 1994 पासूनची आहे आणि तिचे कारण खर्चाचे होते. श्रीमंत विद्यापीठे दर शनिवारी देशभर हेर पाठवू शकतात, गरीब विद्यापीठे पाठवू शकत नाहीत, आणि ही दरी वाढू नये म्हणून सर्वांनाच मज्जाव केला गेला. मिशिगनचा एक कनिष्ठ कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, याने तीन वर्षांत बिग टेनमधील अनेक विद्यापीठांच्या तीसहून अधिक सामन्यांची तिकिटे काढून माणसे पाठवल्याचे ऑक्टोबर 2023 मध्ये उघड झाले. त्याने 3 नोव्हेंबरला राजीनामा दिला.

येथवरच्या घटनाक्रमावर फारसा वाद नव्हता. वाद पेटला तो बिग टेनचे आयुक्त टोनी पेटिटी यांनी एनसीएएची चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता खिलाडूवृत्तीविषयीच्या परिषदेच्या स्वतंत्र धोरणाचा आधार घेऊन शिक्षा सुनावली तेव्हा. आदल्या काही दिवसांत इतर संघांच्या प्रशिक्षकांनी आणि क्रीडा-संचालकांनी त्यांच्यावर कारवाईसाठी दबाव आणला होता, हे लपून राहिलेले नव्हते. त्यांच्या पत्रात हार्बॉ यांना या हेरगिरीची माहिती होती असा दावा नव्हता. उलट, ही शिक्षा हार्बॉ यांना नसून विद्यापीठाला आहे, आणि फुटबॉलच्या संदर्भात मुख्य प्रशिक्षक हाच विद्यापीठाचे मूर्तरूप असतो म्हणून ती अशा स्वरूपात दिली आहे, असे त्यात म्हटले होते. सामन्याच्या आदल्या दुपारी, न्यायालये बंद असताना, अपुऱ्या चौकशीच्या आधारे दिलेली ही शिक्षा पद्धतीच्या दृष्टीने चुकीची होती, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. ज्याला आपण आरोपीचा हक्क म्हणतो तो आपल्या आवडत्या माणसालाच नव्हे तर प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकालाही मिळायला हवा. खुद्द विद्यापीठ न्यायालयात गेले, 17 नोव्हेंबरला सुनावणी ठरली, आणि तिच्या आदल्या दिवशी विद्यापीठाने माघार घेऊन शिक्षा मान्य केली.

ही माघार चाहत्यांना सर्वाधिक बोचली. आणि इथे मला त्यांच्या मनाची एक बाजू फार आदरणीय वाटते. चाहत्याला चौकशीतील कागद दिसत नाहीत, आपल्या विद्यापीठाच्या वकिलांनी काय पाहिले हे कळत नाही, आठवडाभर त्याला सांगितले जाते की आपण लढणार आहोत, आणि मग एके दिवशी एका छोट्या निवेदनात लढाई संपते. दुसऱ्याच दिवशी एका साहाय्यक प्रशिक्षकाला बडतर्फ केले जाते, त्याचेही पुरते कारण सांगितले जात नाही. अशा वेळी चाहत्याने कशावर विश्वास ठेवावा? कागद मिळत नसतील तर तो माणसांवर विश्वास ठेवतो, आणि त्याला ओळखीचा असलेला माणूस म्हणजे प्रशिक्षक. संस्था जितकी गप्प राहते तितका प्रशिक्षक मोठा होत जातो. चाहत्यांच्या आंधळेपणावर टीका करणाऱ्यांनी हा भाग सहसा विचारात घेतलेला नसतो.

पेन स्टेटविरुद्धचा तो सामना मी विसरू शकणार नाही. हार्बॉ यांच्या जागी साहाय्यक प्रशिक्षक शेरॉन मूर उभे होते. उत्तरार्धात मिशिगनने अधिकृत नोंदीनुसार एकही पास फेकला नाही. सलग 32 चालींमध्ये त्यांनी चेंडू घेऊन फक्त धाव घेतली, समोरच्याला कळत होते की आता धावणार आहेत, आणि तरीही त्याला थांबवता आले नाही. 24-15 असा विजय मिळाल्यावर मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले आणि हुंदके देत हार्बॉ यांचे आभार मानत राहिले. त्यानंतर मेरीलँडवर विजय मिळाला आणि विद्यापीठाचे हजार विजय पूर्ण झाले. मग आला ओहायो स्टेटचा सामना. तिसऱ्या सत्रात कर्णधारांपैकी एक असलेल्या झॅक झिंटरचा पाय मोडला, सारे मैदान स्तब्ध झाले, आणि त्याला नेल्यानंतरच्या पहिल्याच चालीत ब्लेक कोरम 22 यार्ड धावत जाऊन टचडाउन करून, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन, आला. 30-24. 8 जानेवारी 2024 रोजी वॉशिंग्टनला 34-13 असे हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला, पंधरापैकी पंधरा सामने जिंकून.

या विजयांनी चाहत्यांना एक युक्तिवाद दिला, जो आजही रोज ऐकू येतो. हेर गेला, प्रशिक्षक बाहेर बसला, तरीही आम्ही पेन स्टेटला, ओहायो स्टेटला, अलाबामाला, वॉशिंग्टनला हरवले, म्हणजे हेरगिरीने काही फरक पडलेला नव्हता. या युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या मुलांनी नोव्हेंबरनंतर जे केले ते कोणाच्याही खुणा चोरून केलेले नव्हते, आणि 32 वेळा सलग समोरच्या भिंतीला धडक देण्यासाठी कोणाच्या खुणा माहीत असाव्या लागत नाहीत. पण दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही. नंतर प्रामाणिकपणे जिंकता आले, यावरून आधी अप्रामाणिकपणा झाला नव्हता किंवा त्याचा उपयोग झाला नव्हता, असे सिद्ध होत नाही. 2021 आणि 2022 चे सामने पुन्हा खेळवता येणार नाहीत. ओहायोच्या चाहत्याला त्या दोन पराभवांविषयी कायमची शंका राहील, आणि ती शंका आम्हीच त्याला दिली आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या दोन वर्षांतल्या आमच्या खेळाडूंच्या खऱ्या कष्टांवरही ती शंका पडून राहिली आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा तिकिटे काढणाऱ्या माणसाशी काडीचाही संबंध नव्हता.

‘सगळेच करतात’ हे दुसरे उत्तर. त्याच नोव्हेंबरमध्ये बातमी आली की 2022 च्या बिग टेन अंतिम सामन्याआधी इतर संघांनी मिशिगनच्या खुणांची माहिती पर्ड्यू संघाला पुरवली होती. मिशिगनच्या चाहत्यांनी ती बातमी डोक्यावर घेतली. इतर संघांचे वागणे संशयास्पद होते, आणि परिषदेने त्याकडे तितक्याच कडक नजरेने पाहिले नाही, ही तक्रार रास्त आहे. तरीही माहितीची देवाणघेवाण आणि प्रेक्षकांत माणसे बसवून केलेले चित्रीकरण यांत नियमाने फरक केला आहे, आणि तो नियम मिशिगनसारख्या श्रीमंत विद्यापीठालाच रोखण्यासाठी होता, हे आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

नियम नंतर बदलले म्हणून आधीचा भंग क्षुल्लक ठरतो, असाही एक विचार मांडला जातो. 2021 च्या 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे 2010 मधल्या त्या पाच खेळाडूंनी जे केले त्यासाठी आज त्यांना कोणी शिक्षा करणार नाही. 2024 पासून शिरस्त्राणात रेडिओ आला आणि खुणा चोरण्याचा प्रश्न बराचसा निकालात निघाला. खेळाडूंच्या बाबतीत हा विचार मला पूर्णपणे मान्य आहे. स्वतःचे पदक विकणाऱ्या तरुणाला गुन्हेगार ठरवणारा नियम अन्यायकारकच होता. त्याचा फायदा प्रशिक्षकाला मात्र मिळू शकत नाही. कोट्यवधी डॉलर पगार घेणाऱ्या माणसाला नियम जाचक वाटत असेल तर तो बदलण्यासाठी उघडपणे बोलण्याची ताकद त्याच्याकडे असते, आणि दडवादडवीला परवानगी देणारा नियम तर अजून कोणी केलेला नाही.

ही सवय किती दूर नेऊ शकते, हे 2018 मध्ये दिसले. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक अर्बन मायर यांनी आपल्या साहाय्यकावरील कौटुंबिक हिंसेच्या आरोपांची हाताळणी नीट केली नाही, म्हणून त्यांना चौकशीच्या काळात रजेवर पाठवले गेले. तेव्हा शेकडो चाहते स्टेडियमबाहेर जमून त्यांच्या समर्थनार्थ घोषणा देत होते. नंतर त्यांना तीन सामन्यांचे निलंबन झाले. तिथे बर्गर नव्हता, टॅटू नव्हते, एका स्त्रीची सुरक्षितता होती, आणि तरीही घोषणा त्याच होत्या. खेळाच्या नियमांबाबत दृष्टी चोरण्याची सवय लागली की जिथे खेळाचा प्रश्नच नाही तिथेही ती सुटत नाही, आणि म्हणून मला ‘चाहतेच ते, असेच वागणार’ हे समजूतदारपणाचे वाक्य पुरेसे वाटत नाही. चाहत्याकडून कोणी रामशास्त्री बाण्याची अपेक्षा करत नाही. संघावर प्रेम करा, शिक्षेची पद्धत चुकली तर ओरडा, पण प्रशिक्षकाने काय केले हे नेमक्या शब्दांत बोला, एवढे तर मागता येईल.

शिक्षेचा भार अखेर कोणावर पडतो, हे पाहिले की चाहत्यांचा राग चुकीच्या दिशेने गेला असे मला अधिकच वाटते. विजेतेपदानंतर सुमारे दोन आठवड्यांत, जानेवारी 2024 मध्ये, हार्बॉ व्यावसायिक लीगमधील लॉस एंजेलिस चार्जर्स संघाकडे गेले. 15 ऑगस्ट 2025 रोजी एनसीएएचा निकाल आला. विद्यापीठाला चार वर्षांची देखरेख, फुटबॉलच्या अंदाजपत्रकाच्या दहा टक्के दंड, दोन हंगामांच्या अंतिम टप्प्यातील उत्पन्नावर पाणी, आणि भरतीवर मर्यादा. सगळा हिशेब कोट्यवधी डॉलरांचा. हार्बॉ यांच्यावर दहा वर्षांचे निर्बंध, जे आधीच्या प्रकरणातील चार वर्षे संपल्यावर, म्हणजे 2028 मध्ये सुरू होतील आणि 2038 पर्यंत चालतील. या काळात त्यांना नेमू पाहणाऱ्या महाविद्यालयाला एनसीएएपुढे त्याचे समर्थन करावे लागेल. ज्याला महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये परत यायचेच नाही त्याला या निर्बंधांनी काय होणार? अंतिम टप्प्यात खेळण्यावर बंदी घालणे योग्य ठरले असते, पण तिचा फटका निरपराध खेळाडूंना बसला असता, असे समितीने नोंदवले आणि दंडावर भागवले. विजय रद्द झाले नाहीत. मिशिगनचे चाहते त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकत होते, प्रतिस्पर्धी चाहते संतापले होते, आणि एका दिवसापुरते सर्वांचे लक्ष करंडकावर होते, माणसावर नव्हते.

खेळाडूंना वाचवण्याचा हा विवेक 2012 मध्ये दाखवला गेला नव्हता. ट्रेसल यांनी 30 मे 2011 रोजी राजीनामा दिला. ओहायो स्टेटचे 2010 चे सर्व विजय पुसले गेले, आणि 2012 च्या हंगामात संघाला नियमित सामन्यांनंतर खेळण्यास बंदी झाली. त्या वर्षी संघ, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, बारापैकी बारा सामने जिंकला. राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ती पुन्हा कधीच मिळणार नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या हंगामातला बारावा सामना 24 नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसमध्ये झाला. 2002 च्या विजेत्या संघाचा सत्कार त्या दिवशी मैदानावर ठेवलेला होता, आणि त्यात ट्रेसल आले होते. त्यांच्या जुन्या खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलले आणि एक लाखाहून अधिक लोकांनी उभे राहून गर्जना केली. ज्या मुलांचा हंगाम ट्रेसल यांनी दडवलेल्या गोष्टीमुळे त्या दिवशी तिथेच संपणार होता, ती मुले त्याच मैदानावर खेळत होती.

ऑगस्ट 2024 मध्ये, हार्बॉ यांच्यावर पहिल्या प्रकरणात ठपका ठेवला गेल्यानंतर काही दिवसांतच, मिशिगनने त्यांना नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठी मानद कर्णधार म्हणून बोलावल्याचे जाहीर केले. चार्जर्सच्या वेळापत्रकामुळे ते आले नाहीत. पुढे कधीतरी 2023 च्या संघाचा सत्कार होईल आणि ते नक्की येतील. त्या दिवशी मी झिंटरसाठी, कोरमसाठी, मॅकार्थीसाठी आणि सलग 32 वेळा धडक देणाऱ्या त्या सगळ्यांसाठी उभी राहून टाळ्या वाजवीन. हार्बॉ यांचे नाव पुकारले जाईल तेव्हा मी बसून राहीन, आणि शेजारच्याने कारण विचारले तर त्याला बर्गरविषयी नव्हे, चौकशीत दिलेल्या उत्तरांविषयी सांगेन.